पाळकाच्या घरातला पॉप संगीतकार : रॉडनी जर्किन्स यांच्या गाण्यांत प्रार्थनागृह नेमके कुठे ऐकू येते?

मंद्रसप्तक (धागाकर्ती)

डेस्टिनीज चाइल्ड या अमेरिकी गायिकांच्या गटाच्या ‘से माय नेम’ या गाण्याच्या आरंभी एक पुरुषी आवाज ‘डार्कचाइल्ड’ असे नाव घेतो आणि मग गाणे सुरू होते. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर गाण्याच्या शेवटी गायिका आपले नाव सांगत असे, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे मात्र नाव पडद्यामागच्या माणसाचे आहे. तो माणूस म्हणजे ‘डार्कचाइल्ड’ या नावाने काम करणारे गीतकार आणि संगीतनिर्माते रॉडनी जर्किन्स. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या ‘सॉन्गरायटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला, तेव्हापासून त्यांच्याविषयी सविस्तर लिहायचे मनात होते.

जर्किन्स यांचा जन्म २९ जुलै १९७७ रोजी न्यू जर्सीतल्या प्लेझंटव्हिल या लहान गावी झाला. अटलांटिक सिटीची जुगारघरे आणि समुद्रकिनारा तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. रॉडनी लहानपणीच पियानो शिकले, उपासनेत वाजवू लागले आणि थोरले भाऊ फ्रेड यांच्याबरोबर गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधले भक्तिसंगीत करू लागले. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्यांनी आपल्या चाली टेडी रायली यांना ऐकवल्या. रायली हे तेव्हा आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक होते. विशी गाठण्याच्या आत मेरी जे. ब्लायज यांच्या १९९७ च्या ‘शेअर माय वर्ल्ड’ या अल्बमवर जर्किन्स यांचे काम आले होते.

त्यानंतर जे झाले ते पाहून मी आजही थक्क होते. १९९८ मध्ये ब्रँडी आणि मोनिका यांचे ‘द बॉय इज माइन’ अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या ‘बिलबोर्ड’ या मुख्य यादीत सलग १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, तेव्हा जर्किन्स वीस वर्षांचे होते. पाठोपाठ व्हिटनी ह्यूस्टन यांचे ‘इट्स नॉट राइट बट इट्स ओके’, जेनिफर लोपेझ यांचे पहिलेच गाणे ‘इफ यू हॅड माय लव्ह’, मग ‘से माय नेम’, मग टोनी ब्रॅक्स्टन यांचे ‘ही वॉजन्ट मॅन इनफ’. २००० साल सरेपर्यंत हे सगळे होऊन गेले होते.

माझा प्रश्न असा आहे. या गाण्यांचे विषय फसवणूक, मत्सर, संशय आणि फोनवर रंगणारी भांडणे हे आहेत. त्यांत देवाचे नाव नाही, ऑर्गन ठळकपणे वाजत नाही आणि टाळ्यांचा गजरही नाही. तरीही ती ऐकताना मला सतत जाणवते की हा माणूस प्रार्थनागृहात घडला आहे. माझ्या मते त्या संस्काराचा खरा ठसा त्यांच्या साथीत आहे, म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाभोवती वाद्यांनी कसे वागावे याच्या समजुतीत आहे. इतरांना काय वाटते, ते वाचायला आवडेल.

एडिसनकर

मंद्रसप्तकताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी प्लेझंटव्हिलपासून गाडीने दीड तासावर राहते. जर्किन्स यांच्या घराण्याशी माझा काही परिचय नाही, परंतु एका सहकारी मैत्रिणीच्या आग्रहावरून कृष्णवर्णीयांच्या एका प्रार्थनागृहात मी तीन-चार वेळा रविवारच्या उपासनेला गेले आहे. तिथे जे पाहिले ते तुमच्या ‘साथ’ या शब्दाला धरून आहे, म्हणून सांगते.

व्यासपीठाच्या एका बाजूला हॅमंड ऑर्गन होता. हे वाद्य १९३५ मध्ये बाजारात आले आणि पाइप ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता अशा मंडळ्यांनी ते आपलेसे केले. वाजवणारे गृहस्थ वाद्याकडे जवळजवळ पाहतच नव्हते. त्यांची मान पाळकांच्या दिशेला वळलेली होती. पाळक सुरुवातीला साध्या बोलीत बोलत होते, पण जसजसा भर चढत गेला तसतसे त्यांचे वाक्य एका ठरावीक सुरावर येऊन टेकू लागले. ऑर्गनवाल्यांनी दोन शब्दांत तो सूर पकडला आणि त्यानंतर प्रत्येक वाक्याच्या अखेरीस एक आघात दिला. कीर्तनात बुवा ओवी संपवतात आणि मृदंगावर थाप पडते, तसेच ते होते. फरक इतकाच की इथे पाळक काय बोलणार आहेत, हे कोणालाही आधी ठाऊक नव्हते.

ड्रमवर फार तर पंधरा वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्यासमोर आवाज अडवणारी पारदर्शक भिंत होती. उपासना संपल्यावर मी त्याला विचारले की सगळे एकाच क्षणी थांबता, ते कसे जमते. तो म्हणाला की तो पाळकांच्या टाचेकडे पाहतो. थांबायच्या आधी त्यांची उजवी टाच उचलली जाते. त्या मुलाला अजून गाडी चालवण्याचा परवानाही मिळालेला नव्हता. जर्किन्स यांचे बालपण अशाच एखाद्या जागी गेले असणार, असे मला त्या दिवशी वाटले.

लयवेध

दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी मला मतभेद नोंदवावासा वाटतो. मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात बावीस वर्षे काम करतो आहे आणि अमेरिकी कृष्णवर्णीय संगीताविषयी लिहिताना प्रत्येक गुणाचे मूळ प्रार्थनागृहात शोधण्याची जी सवय पडली आहे, ती मला खटकते. त्यामुळे यंत्रासमोर बसून केलेल्या मेहनतीचे श्रेय हिरावले जाते.

जर्किन्स यांच्या ठेक्याची वंशावळ स्पष्ट आहे. टेडी रायली यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू जॅक स्विंग ही शैली घडवली. हिप-हॉपचा यांत्रिक ठेका घ्यायचा, त्यातल्या बारीक मात्रांना झोका द्यायचा आणि त्यावर आर अँड बीचे गायन बसवायचे, हे तिचे सूत्र होते. जर्किन्स हे त्या सूत्राचे पुढच्या पिढीतले शिष्य आहेत. ‘से माय नेम’चा ठेका तर लंडनमधून आलेला आहे. तिथल्या क्लबांत तेव्हा टू-स्टेप गराज वाजत होते, ज्यात मुख्य ढोलाचे काही आघात मुद्दाम गाळलेले असतात आणि वरची झांज घाईने, लंगडत चालते. जर्किन्स यांनी ते तिथे ऐकले आणि घरी परतून स्वतःच्या पद्धतीने वापरले. यात प्रार्थनागृहाचा संबंध कुठे येतो?

शिवाय अमेरिकेत हजारो मुले दर रविवारी वाजवतात. त्यांतला एखादाच जर्किन्स होतो. जे सर्वांना मिळाले, त्यावरून एकाचे वेगळेपण कसे सिद्ध होणार?

मंद्रसप्तक

लयवेध, तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे. लंडनचा मुद्दाही मी पूर्णपणे मान्य करते. मात्र ‘से माय नेम’चे उदाहरण तुम्हीच काढलेत, तर त्याची उरलेली गोष्टही पाहू. ती जर्किन्स यांनी स्वतः मुलाखतींमधून सांगितलेली आहे.

गाण्याची पहिली आवृत्ती लंडनच्या त्या ठेक्याने भारावून केलेली होती आणि तिच्यात वाद्यांची गर्दी होती. गटाच्या मुख्य गायिका बियॉन्से यांना ती आवडली नाही. गाणे अल्बममधून वगळले जाण्याच्या बेतात होते. तेव्हा जर्किन्स यांनी गायलेले आवाज तसेच ठेवले आणि त्यांच्याखालचे सगळे संगीत उचकटून नव्याने रचले. आपण आज ऐकतो ती ही दुसरी आवृत्ती आहे. मार्च २००० मध्ये ते गाणे यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि २००१ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला सर्वोत्कृष्ट आर अँड बी गीताचा आणि समूहगायनाचा असे दोन सन्मान मिळाले.

आता हे गाणे पुन्हा ऐका आणि फक्त वाद्यांकडे लक्ष द्या. कडव्यांत बियॉन्से अक्षरे इतकी दाटीने म्हणतात की एका मात्रेत तीन-चार अक्षरे कोंबलेली वाटतात. तिथे खालची वाद्ये तुटक होतात, बाजूला सरकतात. धृपद आले की आवाज मोकळा, लांबट होतो आणि त्याच क्षणी ठेका आपली चाल बदलतो. गिटारचा एखादा ओरखडा किंवा तंतुवाद्यांची एखादी लकेर नेमकी तिथे येते जिथे गायिका श्वास घेते. चाल गायिकेने आधीच गाऊन ठेवलेली आहे आणि साथीदार मागून तिचा माग काढतो आहे. एडिसनकर यांनी वर्णन केलेले ऑर्गनवाले गृहस्थ पाळकांच्या वाक्याबरोबर दुसरे काय करत होते?

ठेका लंडनचा आहे, रायली यांच्या कार्यशाळेतला आहे, हे खरेच. पण तो ठेका गाणाऱ्यापुढे कधी नमवायचा, हे ज्ञान मला त्याहून जुने वाटते.

झीलकरी

मी शाहिरी परंपरेतल्या घरातला आहे, म्हणून माझे लक्ष आपसूक मागच्या आवाजांकडे जाते. जर्किन्स यांच्या कामाचा तो भाग सर्वांत श्रीमंत आहे आणि त्यावर इथे अजून कोणी लिहिलेले नाही.

गॉस्पेल गायकवृंद साधारणपणे तीन पट्ट्यांत गातो. वरचा आवाज, मधला आवाज आणि पुरुषांचा चढा आवाज. युरोपीय पद्धतीच्या समूहगायनात खर्जाची जी चौथी ओळ असते, ती इथे बहुधा नसते; तळ सांभाळण्याचे काम ऑर्गन आणि बेस करतात. त्यामुळे हे तीन आवाज एकमेकांना अगदी खेटून राहतात आणि एखाद्या भिंतीसारखे एकदम वर सरकतात. ब्रँडी यांच्या १९९८ च्या ‘नेव्हर से नेव्हर’ आणि २००२ च्या ‘फुल मून’ या अल्बमांवर हीच भिंत आहे. फरक असा की ती एकाच बाईच्या आवाजाची आहे. तीच ओळ पुन्हा पुन्हा गायची, मग तिच्या वरची, मग खालची, मग तीच ओळ कुजबुजल्यासारखी, आणि हे सगळे थर डाव्या-उजव्या कानांत वाटून द्यायचे. ब्रँडी यांचे वडील विली नॉरवुड स्वतः प्रार्थनागृहाच्या गायकवृंदाचे संचालक होते. मोनिका तर वयाच्या दहाव्या वर्षी एका फिरत्या गॉस्पेल वृंदात गात होत्या. व्हिटनी नेवार्कच्या न्यू होप बॅप्टिस्ट प्रार्थनागृहात वाढल्या, जिथे त्यांच्या आई सिसी ह्यूस्टन गायन सांभाळत. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेच्या दोन्ही बाजूंना एकच शाळा शिकलेली माणसे होती. एखादी जागा कशी घ्यायची, हे तिथे समजावून सांगावे लागत नसणार.

याच कलेचे एक उशिराचे रूप २०१५ मध्ये दिसले. सॅम स्मिथ यांच्या ‘स्टे विथ मी’च्या ज्या आवृत्तीला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचा ग्रॅमी मिळाला, तिच्या नावातच ‘डार्कचाइल्ड’ आहे. त्यातला गायकवृंद ऐकून कोणालाही वाटेल की वीस-पंचवीस माणसे उभी आहेत. प्रत्यक्षात स्मिथ यांचाच आवाज अनेकदा मुद्रित करून ते थर रचलेले आहेत.

दोना_पावला

प्रार्थनागृहातून चित्रपट आणि पॉप संगीतात गेलेल्या कलावंतांचा विषय निघाला आहे, तर गोव्याचा उल्लेख करायला हवा. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून प्रत्येक परगण्याच्या चर्चला जोडलेली संगीतशाळा असे आणि तिथला ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत असे. त्या शिक्षणाच्या बळावर गोवेकर वादक मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद संयोजक सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली ठळक नावे.

मात्र या दोन वाटा एकसारख्या नाहीत आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. गोव्याच्या चर्चने मुलांना कागद वाचायला शिकवले. मुंबईच्या संगीतकाराने चाल गुणगुणली की तिचे शंभर वादकांसाठी लेखन करून देणारा माणूस हवा असे आणि तो गोव्यात तयार झालेला असे. अमेरिकी कृष्णवर्णीय प्रार्थनागृहाने मुलांना मुख्यतः कान दिला. समोरचा माणूस पुढच्या क्षणी कुठे जाईल याचा अदमास घ्यायचा आणि त्याच्याबरोबर तिथे पोहोचायचे. म्हणून गोव्याचा मुलगा संयोजक झाला आणि प्लेझंटव्हिलचा मुलगा निर्माता झाला, असे मी मांडेन. लयवेध, तुमच्या शंकेला हे एक उत्तर असू शकते: ‘प्रार्थनागृह’ म्हणजे नुसता भाव किंवा भक्ती असे न धरता तिथे रोज कोणते कसब शिकवले जाते, ते पाहावे.

सांजवेळ

मला एक वेगळा प्रश्न पडला आहे. पाळकांच्या घरातल्या मुलाने अशी गाणी करणे मंडळीला चालले का? कारण या परंपरेत ही जखम फार जुनी आहे. सिस्टर रोझेटा थार्प यांनी १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये भक्तिगीते गायली, तेव्हा त्यांच्याच पंथातले अनेक लोक दुखावले होते. सॅम कुक यांनी १९५७ मध्ये सोल स्टिरर्स हा गॉस्पेल गट सोडून प्रेमगीते गायला सुरुवात केली, तेव्हाही बराच रोष झाला. उलट दिशेनेही माणसे गेली आहेत: थॉमस डॉर्सी हे आधी ब्लूजचे पियानोवादक होते आणि मग त्यांनी आधुनिक गॉस्पेलचा पाया घातला.

मंद्रसप्तक

सांजवेळ, जर्किन्स यांच्या बाबतीत निदान घरातून दार बंद झाले नाही. त्यांचे पाळक वडील पुढे त्यांचे व्यवस्थापकही होते आणि थोरले भाऊ फ्रेड बहुतेक गाजलेल्या गाण्यांचे सहलेखक आहेत. माझ्या दृष्टीने या कारकिर्दीतला सर्वांत हृद्य भाग हाच आहे.

गीतलेखकांची नावे वाचून पाहा. ‘द बॉय इज माइन’ला पाच नावे आहेत, ‘से माय नेम’ला सात. त्यांत रॉडनी आणि फ्रेड यांच्या शेजारी लाशॉन डॅनियल्स हे नाव पुन्हा पुन्हा येते. ‘इट्स नॉट राइट’, ‘इफ यू हॅड माय लव्ह’, ‘ही वॉजन्ट मॅन इनफ’, मायकल जॅक्सन यांचे ‘यू रॉक माय वर्ल्ड’, लेडी गागा यांचे ‘टेलिफोन’, सगळीकडे ते आहेत. डॅनियल्स शब्द आणि चाल तर रचतच, शिवाय गायिकेला ती कशी म्हणायची हे स्वतः गाऊन दाखवत. झीलकरी यांनी वर्णिलेल्या त्या आवाजांच्या भिंतीत त्यांचा वाटा मोठा आहे. ३ सप्टेंबर २०१९ रोजी साउथ कॅरोलायनात मोटार अपघातात ते गेले. वय होते ४१. मी ती बातमी वाचली त्या संध्याकाळी ‘से माय नेम’ लावले होते आणि ते पूर्ण ऐकू शकले नव्हते.

आपण ‘जर्किन्स यांची गाणी’ असे म्हणतो, तेव्हा खरे तर या तिघांच्या एकत्र बसण्याविषयी बोलत असतो.

लयवेध

मायकल जॅक्सन यांचा उल्लेख आला, म्हणून त्यावर लिहितो, कारण तिथे माझा मुद्दा अधिक टिकतो. १९९१ च्या ‘डेंजरस’साठी जॅक्सन यांनी टेडी रायली यांना बोलावले आणि दहा वर्षांनी, ३० ऑक्टोबर २००१ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिन्सिबल’साठी रायली यांच्याबरोबर जर्किन्स यांनाही. गुरू आणि शिष्य एकाच अल्बमवर आले. जर्किन्स यांनी सांगितले आहे की जॅक्सन त्यांना सतत नवे, कोणी न ऐकलेले आवाज आणायला सांगत, त्यासाठी त्यांनी भंगाराच्या जागी जाऊन पत्रे आणि डबे बडवले आणि ते आवाज मुद्रित केले. अल्बमचा आरंभ करणाऱ्या ‘अनब्रेकेबल’, ‘हार्टब्रेकर’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन गाण्यांत तो खडखडाट जाणवतो.

प्रामाणिकपणे सांगायचे तर ती गाणी मला ‘से माय नेम’इतकी भावत नाहीत. प्रत्येक आघात घासून-पुसून इतका टोकदार केला आहे की गाणाऱ्याला टेकायला जागा उरत नाही. मंद्रसप्तकताईंचे ‘साथ’ हे सूत्र इथे उलट्या बाजूने सिद्ध होते, हे लिहितानाच माझ्या लक्षात येते आहे. नव्या आवाजाचा शोध हेच ध्येय झाले, तेव्हा गाणाऱ्याचा माग काढणे मागे पडले. याच अल्बममधले ‘यू रॉक माय वर्ल्ड’ मात्र सैल, हसतमुख आहे आणि तेच सर्वांच्या लक्षात राहिले.

एडिसनकर

जर्किन्स यांनीच केलेले २००६ चे बियॉन्से यांचे ‘देजा व्हू’ कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. त्यात गायिका आरंभी एकेका वाद्याला नावाने बोलावते. आधी बेस, मग झांज, मग ढोलाचे यंत्र, आणि प्रत्येक जण नाव घेताच हजर होतो. उपासनेत मी हेच पाहिले होते: समोर उभी असलेली बाई हात उंचावून आधी ड्रमला, मग बेसला आत घेत होती आणि ते आत येईपर्यंत स्वतः गात नव्हती.

लयवेध

एडिसनकर, काल रात्री स्टुडिओत काम संपल्यावर ‘देजा व्हू’ मोठ्या स्पीकरवर लावले आणि त्यानंतर लगेच ‘इट्स नॉट राइट बट इट्स ओके’. दुसऱ्या गाण्यात व्हिटनी आरंभी जवळजवळ बोलतात. त्यांच्याखाली कीबोर्डचे तुटक स्वर आहेत आणि ते प्रत्येक वेळी वाक्य संपल्यावर येतात, वाक्यावर कधीही पडत नाहीत. हे गाणे मी पंचवीस वर्षे ऐकतो आहे आणि त्या स्वरांना मी आजवर ठेक्याचा भाग समजत होतो. काल ते मला उत्तरासारखे ऐकू आले. आज सकाळी आमच्याकडे कीबोर्ड वाजवणाऱ्या तरुण मुलाला मी ते गाणे ऐकवले आणि सांगितले की उजव्या हाताचे स्वर मोजू नकोस, बाईंचे वाक्य कुठे संपते ते ऐक. तिसऱ्या प्रयत्नाला त्याला ते जमले.

लंडनच्या ठेक्याविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. त्यावर स्वतंत्र धागा काढतो.